स्कॅनची गाठ बांधताना

कापडाची गाठ कितीही दाबून बांधली, तरी उघडल्यावर वार तितकेच भरतात. सी.टी. स्कॅनची चित्रे दूरच्या डॉक्टरांकडे पाठवितानाही अशीच दाबतात. ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचे एक चित्र सुमारे अर्धा मेगाबाइट. ३०० चित्रांचे १५० मेगाबाइट होतात.

दाबण्याच्या रीती दोन. पहिलीत बोजा निम्म्यावर किंवा त्याखाली येतो, पण एकही ठिपका हरवत नाही. दुसरीत कात्री चालते. कापलेले परत मिळत नाही. मोबाइलवर फोटो म्हणून पाठविलेल्या चित्राचे बहुधा हेच होते. कात्री फार चालली, तर बारीक डाग पुसला जाऊन निदान चुकू शकते.

म्हणून बंधूंनो, रिपोर्टसोबत १९९३ साली ठरलेल्या ‘डायकॉम’ पद्धतीतील मूळ चित्रांची सीडी मागून घ्या. ती रुग्णाची अमानत आहे.