हट्टी पोर की आजारी पोर? मुलांमधलं नैराश्य ओळखूया

वस्तीत आरोग्य तपासणीला गेलो की आया आम्हाला दोन तक्रारी हमखास सांगतात. पोर फार चिडकं झालंय, आणि शाळेच्या वेळेला त्याचं पोट दुखतं. बहुतेक वेळा कारण साधं असतं. पण कधी कधी त्यामागे नैराश्य, म्हणजे डिप्रेशन असतं.

मोठं माणूस 'कशात मन लागत नाही' असं बोलून दाखवतं. लहान मुलाकडे ते शब्द नसतात. त्याचं दुःख रागातून आणि दुखण्यातून बाहेर पडतं. आपण त्याला आळशी म्हणतो, मारतो, नाहीतर दृष्ट काढतो. आजार मात्र वाढत राहतो.

काय पाहायचं?

* सतत चिडचिड, रडू किंवा उदासपणा
* खेळ, मित्र, आवडीच्या गोष्टी नकोशा होणं
* झोप आणि भूक फार कमी किंवा फार जास्त होणं
* तपासणीत काही न सापडणारी पोटदुखी, डोकेदुखी
* अभ्यासात लक्ष न लागणं, शाळा टाळणं
* 'मी कामाचा नाही', 'मी नसतो तर बरं' असं बोलणं

एखादा दिवस रुसणं म्हणजे नैराश्य नव्हे. यातली बरीच लक्षणं दोन आठवडे जवळजवळ रोज दिसली, तर डॉक्टरांकडे न्या.

निदान कसं होतं?

नैराश्य रक्तात किंवा एक्स-रेत दिसत नाही. तरी डॉक्टर रक्त तपासायला सांगतात, कारण रक्त कमी असलं किंवा थायरॉइडचा त्रास असला तरी मूल असंच मलूल दिसतं. त्यानंतर ते आईवडिलांशी बोलतात, शाळेतलं विचारतात आणि मुलाशी एकट्याने बोलतात. तेव्हा आपण बाहेर थांबावं. घरातली दारू-भांडणं, शाळेत जातीवरून मारलेले टोमणे, कुणाचा वाईट स्पर्श, हे मूल आपल्यासमोर सांगेलच असं नाही.

प्रत्येकाला गोळ्या लागत नाहीत. अनेकांना समुपदेशनाने बरं वाटतं. गोळ्या लागल्याच तर मनोविकारतज्ज्ञांनी दिलेल्याच द्या, मेडिकलमधून परस्पर आणू नका. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंदही करू नका.

मूल मरणाचं बोललं तर?

'नाटक करतोय' म्हणू नका. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं शांतपणे, सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मूल मोकळं होतं. त्याला एकटं सोडू नका. उंदराचं औषध, फिनाईल, घरातल्या गोळ्या दूर ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मदत कुठे?

जवळचं आरोग्य केंद्र किंवा जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस, क्रमांक १४४१६. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. सरकारी दवाखान्यात मानसिक उपचार मिळणं हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. लोक वेडा म्हणतील या भीतीने तो सोडू नका.