मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र का येतात?

नृसिंहवाडीला दत्तदर्शनाला गेलात, तर शेजारच्या कुरुंदवाडलाही जाऊन या. इथल्या पाच मशिदींत गणपती बसतो. २०१८ आणि २०१९ मध्ये तर बाप्पा आणि मोहरमचे पंजे, म्हणजे गावकऱ्यांचे ‘पीर’, एकाच छताखाली होते.

मग दरवर्षी असं का होत नाही?

हिजरी वर्ष चंद्रावर चालतं. ते साधारण ३५४ दिवसांचं असतं, त्यामुळे मोहरम दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो. हिंदू पंचांगाचे महिनेही चंद्रावरच चालतात, पण त्यात सुमारे पावणेतीन वर्षांनी अधिक महिना धरतात. म्हणून गणपती ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच येतात. मोहरम मात्र सगळ्या ऋतूंतून फिरून जवळपास ३३ वर्षांनी तिथेच परततो.

मोहरम आणि भाद्रपद जुळले की चौथ्या दिवशी गणपती बसतात आणि दहाव्या दिवसाच्या आसपास पीर उठतात. दोन्ही सण एकाच आठवड्यात, मिरवणुकाही त्याच रस्त्यांवर. अशा वेळी प्रशासनाला शांतता बैठका घ्याव्या लागतात. कुरुंदवाडकरांनी मात्र दोघांना एकाच जागी बसवलं.

हा योग पुन्हा २०५० च्या सुमारास येईल.