विजेची गाडी आणि श्रावकाची मर्यादा

सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून कुटुंब एकत्र बसले की व्यापारी घरांत पूर्वी बाजारभावाची चर्चा होई. अलीकडे त्या चर्चेत आणखी एक विषय येऊन बसला आहे. नवी गाडी घ्यायची तर ती विजेवर चालणारी घ्यावी का, आणि ती एवढी आलिशान असावी का? मुलाच्या हातात रंगीत माहितीपत्रक असते, वडिलांच्या मनात हिशेब चाललेला असतो. सगळ्यांचे बोलून झाले की माळ बाजूला ठेवून आजी एकच प्रश्न विचारते, "सीटला चामडे तर नाही ना?" पुष्कळदा या प्रश्नाचे उत्तर घरात कोणाजवळच नसते.

जैन व्यापारी समाज आणि आलिशान गाड्या यांचे नाते आता सर्वांना ठाऊक आहे. 2025 च्या पहिल्या सहामाहीत जैन इंटरनॅशनल ट्रेड ऑर्गनायझेशन, म्हणजेच 'जितो', या संस्थेच्या पुढाकाराने सभासदांनी एकत्रितपणे 186 आलिशान गाड्या खरेदी केल्या आणि त्यांवर 21 कोटी रुपयांहून अधिक सवलत मिळवली. ही बातमी देशभर गाजली. घाऊक खरेदीतील आपले चातुर्य पाहून अनेकांना अभिमान वाटला, तर काहींच्या मनात अपरिग्रहाचा विचार डोकावला. विजेच्या गाडीने या दोन भावनांमध्ये तिसरी एक भर घातली आहे. धूर नाही, आवाज नाही, म्हणून हे वाहन अहिंसक आहे, असे समर्थन आता सहज पुढे येते. ते कितपत टिकते, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

बाजारातील पर्याय

सेडान प्रकारातील आलिशान विद्युत गाड्या भारतात येऊन फार वर्षे झालेली नाहीत. ऑडी ई-ट्रॉन जीटी आणि पोर्शे टायकान या 2021 मध्ये आल्या. मे 2022 मध्ये बीएमडब्ल्यू आय-4 ही 69.90 लाख रुपयांना दाखल झाली. त्याच वर्षी 30 सप्टेंबर रोजी मर्सिडीजने आपली ईक्यूएस 580 ही गाडी 1.55 कोटी रुपयांना बाजारात आणली. या गाडीची जुळणी आपल्या चाकणच्या कारखान्यात होते, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष गोष्ट. जानेवारी 2023 मध्ये बीएमडब्ल्यू आय-7 आली ती 1.95 कोटींना. मार्च 2024 मध्ये बीवायडी सील ही 41 लाखांपासून उपलब्ध झाली आणि या वर्गाचे दार थोडे खाली उतरले. या साऱ्या किमती त्या त्या वेळच्या शोरूममधील आहेत.

एका मागणीची कथा मात्र गाडीवाचून संपली. 2016 मध्ये टेस्लाने मॉडेल 3 या सेडानसाठी जगभरातून 1000 डॉलरची अनामत स्वीकारली. भारतातील काही हौशी ग्राहकांनीही त्या वेळच्या दराने सुमारे 67 हजार रुपये भरले. कंपनीचे भारतातील पहिले दालन मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले ते जुलै 2025 मध्ये, आणि तेथे विक्रीस ठेवली गेली ती मॉडेल वाय, म्हणजे सेडानहून वेगळ्या घडणीची गाडी. दिलेली अनामत आणि दारात उभी असलेली गाडी यांत किती अंतर असू शकते, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. बयाणा देण्यापूर्वी मालाची तारीख विचारण्याची आपली जुनी रीत येथेही उपयोगी पडते.

हिशेबाची वही काय सांगते

विजेच्या गाडीच्या बाजूने पहिला मुद्दा मांडला जातो तो इंधनखर्चाचा. त्यासाठी एक साधा हिशेब पुरेसा आहे. वर्षाला 15,000 किलोमीटर प्रवास धरू. लिटरला 10 किलोमीटर धावणारी पेट्रोलची मोठी गाडी 1500 लिटर पेट्रोल घेईल. लिटरला 105 रुपये धरल्यास खर्च सुमारे 1,57,500 रुपये. तेवढ्याच प्रवासाला विजेच्या मोठ्या गाडीस शंभर किलोमीटरला 20 युनिट या प्रमाणात 3000 युनिट लागतील. युनिटला 12 रुपये धरले तरी खर्च 36,000 रुपये होतो. वर्षाची बचत सव्वा लाखाच्या आसपास. आकडा आकर्षक आहे, पण दीड कोटीच्या भांडवलावर 9 टक्क्यांनी वर्षाचे व्याजच साडेतेरा लाख होते. तेव्हा इंधन वाचवण्यासाठी आलिशान गाडी घेतली, असे म्हणणारा व्यापारी स्वतःच्या वहीशी प्रामाणिक राहत नाही.

कराचा मुद्दा याहून वजनदार आहे. विद्युत वाहनांवरील वस्तू व सेवा कर 1 ऑगस्ट 2019 पासून 5 टक्के आहे. पेट्रोल-डिझेलच्या मोठ्या गाड्यांवर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के कर लागतो. गाडी व्यवसायासाठी वापरली जात असेल तर प्राप्तिकरात सामान्य मोटारीला 15 टक्के घसारा मिळतो, तर विद्युत वाहनाला 40 टक्के. मात्र भरलेल्या जीएसटीची वजावट स्वतःच्या वापराच्या मोटारीवर सहसा मिळत नाही, हे विसरून चालत नाही. गाडीचा घरगुती वापर किती आणि धंद्याचा किती, हेही सनदी लेखापालासमोर खरे सांगावे लागते. तेथे खोटे बोलून मिळवलेली सवलत ही सत्य आणि अचौर्य या दोन्ही अणुव्रतांना बाधा आणते.

कराची सवलत कायमची नसते, याचीही आठवण ठेवावी. मार्च 2025 च्या राज्य अर्थसंकल्पात 30 लाखांवरील विद्युत गाड्यांना 6 टक्के मोटार वाहन कर प्रस्तावित झाला होता. त्याच महिन्यात तो मागे घेतला गेला. पुढे राज्याच्या नव्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर विद्युत मोटारींना पथकरमाफीची तरतूद झाली. आज आहे ते उद्या असेलच असे नाही. पुनर्विक्रीचा विचार करणाऱ्यांचे मतही याच दिशेचे आहे. जुन्या आलिशान विद्युत गाड्यांचा बाजार अजून लहान आहे आणि बॅटरीचे तंत्र वेगाने बदलत असल्याने चार वर्षांपूर्वीची गाडी लवकर जुनी ठरते. बीएमडब्ल्यू, बीवायडी यांसारख्या कंपन्या बॅटरीची 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटरची हमी देतात, तेवढा आधार आहे.

आजीचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे वळता येते. चामड्याचा पट्टा, चामड्याचे पाकीट, चामड्याची चप्पल वर्ज्य मानणारी अनेक घरे आहेत. मंदिराच्या पायरीवर पट्टा काढून ठेवणारा श्रावक ज्या गाडीतून तेथवर आला, तिच्या आसनांवर अनेक जनावरांचे कातडे ताणलेले असू शकते. गाडी विजेवर चालते म्हणून हे आपोआप बदलत नाही. उलट किंमत वाढते तसे खरे चामडे हे श्रीमंतीचे लक्षण म्हणून अधिक ठिकाणी वापरले जाते.

माहितीपत्रकातील शब्द ओळखता आले तर निम्मे काम होते. नप्पा, मेरिनो आणि व्हर्नास्का ही खऱ्या चामड्याची नावे आहेत. मेरिनो या नावाने लोकर समजणारा सहज फसतो. मर्सिडीजचे आर्टिको, बीएमडब्ल्यूचे सेन्साटेक आणि व्हेगांझा ही कृत्रिम आवरणे आहेत. पोर्शेचे रेस-टेक्स आणि ऑडीत वापरले जाणारे दिनामिका ही तंतूंपासून बनवलेली, मखमलीसारखी कापडे आहेत. टायकान आणि ई-ट्रॉन जीटी या दोन्ही गाड्यांच्या निर्मात्यांनी चामडेविरहित अंतर्भागाचा पर्याय ठेवलेला आहे.

सीट पाहून थांबणे मात्र पुरेसे नाही. स्टिअरिंग हा विसरला जाणारा भाग आहे. सीट कृत्रिम असूनही हाताखालचे स्टिअरिंग खऱ्या चामड्याने मढवलेले असते, असे अनेक गाड्यांत आढळते. टेस्लानेही आधी आसनांतील चामडे काढले आणि स्टिअरिंगचे त्यानंतर. दारांच्या आतील बाजू, हात टेकण्याची जागा आणि डॅशबोर्ड यांचीही चौकशी करावी लागते.

आणखी खोलात गेले तर एक नम्र करणारी गोष्ट समोर येते. चामडेविरहित अंतर्भाग जाहीर करताना बीएमडब्ल्यूनेच स्पष्ट केले होते की गाडीच्या एक टक्क्याहून कमी भागांत प्राणिजन्य अंश उरतो. संरक्षक लेपांत जिलेटीन, रंगांत लोकरीपासून मिळणारे लॅनोलिन, रबरासारख्या पदार्थांत चरबी. म्हणजे संपूर्ण निर्दोष गाडी आज मिळत नाही. गृहस्थाची अहिंसा ही नेहमीच अंशतः पाळली जाणारी अहिंसा आहे. म्हणूनच तिला अणुव्रत म्हणतात. जे टाळणे हाती आहे ते टाळावे आणि जे उरते त्याला निर्दोष म्हणू नये, एवढे तिचे मागणे आहे.

वीज येते कोठून

धूर गाडीतून निघत नाही, हे खरे. पण महाराष्ट्रातील वीज अजूनही मोठ्या प्रमाणावर कोळशापासून तयार होते. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2,920 मेगावॉट आहे. रस्त्यावरचा धूर तेथील चिमणीकडे गेला, असा आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे पूर्णपणे खोडता येत नाही. तरीही विजेची मोटार ऊर्जा वाया कमी घालवते, आणि वीज सूर्याची असेल तर हा आक्षेपही बराच मावळतो. व्यापारी घरांना येथे स्वाभाविक अनुकूलता आहे. घराच्या किंवा गोदामाच्या छपरावर 3 किलोवॉटची सौर यंत्रणा बसवली तर दिवसाला सुमारे 12 युनिट, म्हणजे वर्षाला 4000 हून अधिक युनिट वीज मिळते. वर उल्लेखिलेल्या प्रवासाला 3000 युनिट पुरतात. घरावरील अशा यंत्रणेला फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेतून 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळते. दीड कोटीची गाडी घेऊन छप्पर रिकामे ठेवणारा पर्यावरणाचे नाव घेतो, तेव्हा त्याचे बोलणे अपुरे वाटते.

बॅटरीचीही एक बाजू आहे. काही बॅटऱ्यांत कोबाल्ट लागते, आणि जगातील बहुतांश कोबाल्ट आफ्रिकेतील काँगोच्या खाणींतून येते. तेथील लहान खाणींत बालकेही राबतात, हे अनेकदा उघड झाले आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीत कोबाल्ट नसते. बीवायडी सीलमध्ये याच प्रकारची बॅटरी आहे. विक्रेत्याला बॅटरीचा प्रकार विचारणे अवघड नाही.

मागणी नोंदवताना

या साऱ्या मतांचा कस लागतो तो मागणीपत्रावर सही करताना. बहुतेक घरांना गाडी पाडव्याला, दसऱ्याला किंवा धनत्रयोदशीला दारात हवी असते. मुहूर्त जवळ आला की शोरूममध्ये तयार असलेली गाडी पुढे केली जाते. तिचा अंतर्भाग आधीच ठरलेला असतो. चामडे नको असेल तर कारखान्याकडे स्वतंत्र मागणी नोंदवावी लागते आणि परदेशातून येणाऱ्या गाडीसाठी काही महिने थांबावे लागते. व्रताची किंमत येथे रुपयांत मोजली जात नाही. मुहूर्त सोडून थांबण्याची तयारी, हीच ती किंमत. अनेक घरे नेमकी येथे डगमगतात आणि "पुढच्या वेळी पाहू" म्हणून सही करतात.

म्हणून अनुभवी मंडळी काही गोष्टी आधीच लेखी घेण्याचा सल्ला देतात. आसने, स्टिअरिंग आणि दारे यांच्या आवरणाचे नाव दरपत्रकावर स्पष्ट लिहून घ्यावे. अनामत परत मिळण्याच्या अटी, गाडी मिळण्याची तारीख आणि दरम्यान कर वा परकीय चलनाचा दर बदलल्यास वाढीव भार कोणावर, हेही त्यात असावे. घरी भारणाची सोय आधी पाहावी. शंभर युनिटची बॅटरी 11 किलोवॉटच्या यंत्रावर भरायला नऊ-दहा तास लागतात आणि त्यासाठी थ्री-फेज जोडणी लागते. साध्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर हेच काम तीस तासांवर जाते. सदनिकेत राहणाऱ्यांनी सोसायटीची परवानगी गाडीच्या आधी घ्यावी. कंपनी सांगते ते अंतरही जपून वाचावे. ईक्यूएस 580 चे प्रमाणित अंतर 857 किलोमीटर आहे, पण ते चाचणीच्या ठरावीक परिस्थितीतील आहे. द्रुतगती मार्गावर वातानुकूलन चालू ठेवून वेगाने जाणाऱ्याला ते मिळत नाही.

वाहनाचा नियम

श्रावकाने रोज घ्यावयाच्या चौदा नियमांत वाहनाचा एक स्वतंत्र नियम आहे. आज किती वाहने वापरीन, हे सकाळीच ठरवायचे. दिगंबर परंपरेतही बाह्य परिग्रहाच्या दहा प्रकारांत 'यान' मोजले आहे. बैलगाडी आणि रथ यांच्या काळात ज्यांनी ही गणना केली, त्यांना वाहनाचा मोह माणसाला कोठवर नेतो याची पुरेपूर जाणीव होती. या परंपरेने गृहस्थाला वाहन ठेवू नको असे सांगितले नाही. किती ठेवायचे ते आधी ठरव, एवढेच सांगितले.

या कसोटीवर विजेच्या आलिशान गाडीबद्दलची भिन्न मते एका ठिकाणी येऊ शकतात. जुनी मोठी गाडी काढून तिच्या जागी चामडेविरहित, छपरावरच्या सूर्यावर चालणारी एक गाडी आली, तर घरातील हिंसा आणि परिग्रह दोन्ही थोडे कमी होतात. दोन गाड्यांशेजारी तिसरी म्हणून ती आली, तर हिरव्या पाटीने संख्या कमी होत नाही. म्हणून विक्रेत्याच्या मागणीपत्रावर सही करण्यापूर्वी घरातल्या वाहनांची संख्या एकदा मोजावी, ती पुढे किती ठेवायची हे सर्वांसमक्ष ठरवावे, आणि आजीच्या प्रश्नाचे उत्तर तिला लेखी आणून द्यावे.