तापाचे चोवीस तास

संध्याकाळी लेकराचे अंग तापते. आई कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवते आणि म्हणते, ‘सकाळपर्यंत बघू.’ आपल्या घरातलाच हा प्रसंग. टांझानियातल्या किलोम्बेरो खोऱ्यातली आईही हेच करते. पण तिथे ही एक रात्र महागात पडू शकते. फाल्सिपेरम जातीचा मलेरिया लहान मुलाला एकदोन दिवसांत मरणाच्या दारात नेतो. म्हणूनच ताप आल्यापासून चोवीस तासांत उपचार सुरू व्हावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मग ही माउली लगेच का निघत नाही?

हे खोरे भाताचे. पावसाळ्यात कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडून लांबच्या शेतांवर खोपटी बांधून राहतात. डासांचा सुकाळ नेमका तेव्हाच. दवाखाना दूर, वाट चिखलाची. पीक अजून शेतात उभे, त्यामुळे हातात पैसा नाही. घरधनी परगावी असेल तर खर्चाचा निर्णय अडतो. मग जवळच्या दुकानातून साधी तापाची गोळी येते. ताप उतरतो, मलेरिया मात्र अंगात राहतो.

पुढे मुलाला झटके येऊ लागतात. स्वाहिलीत त्याला ‘देगेदेगे’ म्हणतात. ही पक्ष्याच्या रूपातल्या भुताची बाधा, अशी जुनी समजूत. अशा वेळी सुई टोचली तर मूल दगावते, ही भीती. साहजिकच पावले आधी वैदूकडे वळतात. कधी दवाखाना गाठावा, तर तिथल्या गोळ्याच संपलेल्या!

याला अडाणीपणा म्हणून आपण मोकळे होऊ नये. प्रत्येक टप्प्यावर त्या आईपाशी कारण असते. वेळ तेवढा नसतो. २०२३ साली जगात मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यांतली ९५ टक्के आफ्रिकेतली, आणि तिथल्या दर चार बळींमागे सुमारे तीन पाच वर्षांखालची मुले.

उपाय आहेत. बोटाच्या थेंबभर रक्ताची तपासणी पंधरा-वीस मिनिटांत निदान करते. गावातल्याच कुणाला शिकवून ती तपासणी आणि गोळ्या त्याच्या हाती दिल्या, की निम्मी वाट सरते. आर्टेमिसिनिनयुक्त गोळ्यांचा उपचार अवघा तीन दिवसांचा. त्यांतल्या कितीतरी गोळ्या आपल्या भारतातल्या कारखान्यांतून जातात.

औषधाने समुद्र ओलांडला. शेवटचे चार कोस मात्र अजून त्या आईच्या पायांवरच सोपवलेले आहेत.