प्रातःकाळची रुजुवात

दरवर्षी जून उजाडला, की पुण्यामुंबईकडील मोटारसायकलस्वारांचे तांडे मनालीहून लेहच्या दिशेने कूच करतात. आणि प्रस्थानाच्या दिवशी त्यांच्या बंदोबस्तात कसूर काढू म्हणणाऱ्यास सहसा जागा सापडत नाही, कारण त्या सकाळी उत्साह हाच पुरेसा कारभारी असतो. अडचण उपस्थित होते ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी. सारचूसारख्या सव्वाचार हजार मीटर उंचीवरील मुक्कामी, रात्री झोप लागलेली नसताना, बोटे बधिर झालेली असताना आणि विरळ हवेने मस्तक जड झालेले असताना, चेनला तेल घातले की नाही हे ज्या स्मरणशक्तीस विचारावयाचे, नेमकी तीच त्या वेळी भरवशाची राहिलेली नसते. घरी, शुद्धीवर असताना लिहून ठेवलेल्या यादीबरहुकूम वागणे, एवढाच मार्ग मग उरतो.

ही शिस्त मूळची वैमानिकांची. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत राइट फील्डवर बोइंग कंपनीचे २९९ क्रमांकाचे नवे बाँबफेकी विमान उडताच कोसळले. यंत्रात बिघाड नव्हता आणि वैमानिकही कसलेले होते, परंतु उभ्या विमानाची सुकाणू वाऱ्याने हलू नयेत म्हणून घातलेला अडसर काढावयाचा राहून गेला होता. या दुर्घटनेवर उपाय म्हणून निघाली ती छोटीशी तपासणी-यादी. पुढे २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ कलमांची यादी काढली. तिचे प्रवर्तक अतुल गावंडे यांचे घराणे मूळचे विदर्भातले. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहता मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले.

मोटारसायकलस्वारांसाठी अमेरिकेतील मोटारसायकल सेफ्टी फाउंडेशनने क्रम ठरवून दिला आहे: प्रथम टायर व चाके, मग हँडलवरील लिव्हर आणि केबली, दिवे, तेल, सांगाडा व चेन, शेवटी स्टँड. क्रम न मोडणे हेच यातले वर्म. हवा मोजावयाची ती गाडी सुरू करण्यापूर्वी, टायर थंड असताना. कारण धावलेल्या टायरातील दाब वाढलेला दिसतो आणि फसवतो. चेन सर्वत्र सारखी झिजत नाही, यास्तव मागचे चाक हाताने फिरवीत जेथे ती सर्वांत ताठ लागेल तेथेच ढिलाई पाहावी. क्लचची केबल बहुधा लिव्हरपाशीच तुटते, तेव्हा तेथे एखादी तार सुटली आहे काय, हे निरखावे. अनुभवी स्वार तर दुसरी केबल जुनीच्या शेजारी बांधूनच निघतात, आणि ते शहाणपणाचे आहे.

पेट्रोलचा हिशेब स्वतंत्र. लाहौलमधील तांडीच्या पंपावरील, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्धच आहे. तेरा लिटरच्या टाकीने लिटरला तीसचा हिशेब धरला तर ३९० किलोमीटर होतात खरे. पण चढणीवर सरासरी पंचवीसवर घसरली, की ३२५ वरच गाडी थांबते. म्हणून पाच लिटरचा जादा डबा हे यादीतील सक्तीचे कलम.

आणि एक कलम स्वाराचेच हवे: डोके दुखते काय, मळमळते काय, पाणी किती प्यालो. ५,३२८ मीटर उंचीच्या टांगलांग खिंडीत प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्माच मिळतो. सकाळीच ही लक्षणे दिसली तर वर न चढता मुक्काम वाढवावा, आणि ती बळावली तर खाली उतरावे. बहुतेकांच्या यादीत मला हेच कलम आढळत नाही, याचे नवल वाटते.

एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने त्या भागास प्रत्यक्ष हात लावून उत्तर द्यावे. बसल्याजागी केलेल्या खुणा म्हणजे गैरहजर मुलाची भरलेली हजेरी. दहा-बारा कलमांपलीकडची यादी मात्र सारचूच्या थंडीत कोणी वाचणार नाही. तेव्हा पुढील जूनमध्ये निघू इच्छिणाऱ्यांनी या दिवाळीच्या सुटीतच आपली यादी करावी, ती घेऊन एकदा महाबळेश्वरपर्यंत जाऊन यावे, आणि वाटेत जी कलमे निरुपयोगी ठरतील ती निर्दयपणे खोडून टाकावीत.