गर्भावस्थेतील मधुमेह : मोबाईलची मदत आणि मर्यादा

गर्भावस्थेतील मधुमेहाची लक्षणे बहुधा जाणवत नाहीत. त्यामुळे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गर्भवतीची पहिल्याच भेटीत आणि अहवाल सामान्य आल्यास २४ ते २८ आठवड्यांदरम्यान पुन्हा चाचणी अपेक्षित आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी रक्तशर्करा प्रति डेसिलिटर १४० मिलिग्रॅम किंवा अधिक आढळल्यास निदान होते.

उपचारांचा आरंभ आहार व व्यायामाने होतो. दोन आठवड्यांनंतरही जेवणानंतरची साखर १२० मिलिग्रॅमच्या आत न आल्यास मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन दिले जाते. साखर वाढलेली राहिल्यास बाळाचे वजन प्रमाणाबाहेर वाढून प्रसूती अवघड होऊ शकते. म्हणूनच पुढील तपासणीपर्यंत थांबणे महागात पडते. मोबाईल ॲप हा विलंब कमी करते. घरच्या ग्लुकोमीटरवरील आकडे त्याच दिवशी परिचारिकेला दिसतात आणि सल्ला फोनवरच मिळतो.

ब्रिटनमधील ऑक्सफर्ड येथे सुमारे २०० महिलांवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ॲपमुळे साखरेचे नियंत्रण नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरले नाही. मात्र नोंदी अधिक नियमित झाल्या.

याचा अर्थ स्पष्ट आहे. पलीकडे आकडे वाचणारे कोणी नसेल, तर ॲप ही केवळ नोंदवही ठरते. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास उत्तराची वाट न पाहता त्वरित ग्लुकोज किंवा साखर घेऊन डॉक्टरांशी संपर्क साधावा. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी करणेही तितकेच आवश्यक आहे.