केसांसाठी हार्मोन घ्यावेत का?

भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी थांबते आणि त्याच्या आगेमागेच अनेकींना भांग रुंदावल्यासारखा वाटू लागतो, वेणी हाताला बारीक लागते. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या की एकीचं खापर दुसरीवर फुटतं. इस्ट्रोजेन गेलं म्हणून केस गेले, मग इस्ट्रोजेन परत द्या, म्हणजे केस परत येतील, असा हा हिशोब. तो अगदीच खोटा नाही, पण पुरताही नाही. निव्वळ केसांसाठी हार्मोन उपचार, म्हणजे एचआरटी, सुरू करावी इतका पुरावा आज हाती नाही. आणि दुसऱ्या रास्त कारणासाठी जिला हा उपचार हवा आहे, तिने केसांच्या धास्तीने तो नाकारावा असाही पुरावा नाही.

इस्ट्रोजेनचा केसांशी संबंध आहे, हे आधी मान्य करायला हवं. गरोदरपणात ते भरपूर असतं, तेव्हा वाढीच्या टप्प्यातले केस त्या टप्प्यात जास्त काळ राहतात आणि डोकं भरलेलं दिसतं. बाळंतपणानंतर पातळी कोसळली की दोन-चार महिन्यांनी तेच रेंगाळलेले केस एकदम गळतात. स्तनाच्या कर्करोगानंतर दिल्या जाणाऱ्या लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल या गोळ्या शरीरातली इस्ट्रोजेनची निर्मिती जवळजवळ बंद करतात, आणि त्या घेणाऱ्या काही जणींचे केस विरळ होतात. पण बाळंतिणीचे केस गळणं आणि पन्नाशीत भांग रुंदावणं या दोन निराळ्या घटना आहेत. पहिलीत केस सुटतो आणि त्याच जागी तसाच जाड केस पुन्हा येतो. दुसरीत केसाचं मूळच दर फेरीला आकसत जातं, नवा केस आधीच्याहून बारीक आणि आखूड येतो, कंगव्यात फारसे केस न येताही टाळू दिसू लागते. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ एरिख लुडविग यांनी १९७७ साली या विरळपणाच्या तीन पायऱ्या मांडल्या. कपाळावरची केसांची रेषा बहुधा शाबूत राहते आणि माथा उघडा पडत जातो, हे त्याचं लक्षण. बहुतेक जणींच्या रक्तात पुरुषी हार्मोनची पातळी नेहमीचीच असते. काही मुळं जन्मजातच त्या हार्मोनला जास्त दाद देतात आणि इस्ट्रोजेन ओसरलं की त्याचा प्रभाव अधिक जाणवतो, असं स्पष्टीकरण दिलं जातं. ते पटण्यासारखं आहे, पण त्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही.

तशी ठेवता आली असती, तर फिनास्टेराइडने काम फत्ते केलं असतं. टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं डीएचटी हे त्याहून प्रभावी हार्मोन हे औषध रोखतं आणि पुरुषांच्या टकलावर ते चालतं. पाळी थांबलेल्या १३७ स्त्रियांवरच्या चाचणीत मात्र, २००० साली आलेल्या निष्कर्षांनुसार, रोज एक मिलिग्रॅम फिनास्टेराइड वर्षभर घेऊनही नकली गोळीपेक्षा काही जास्त साधलं नाही. इस्ट्रोजेनचं वागणंही सरळ नाही. उंदरांच्या कातडीवर ते लावलं तर केसांची वाढ चक्क थांबते, असं अमेरिकेतल्या संशोधकांना १९९६ साली दिसलं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे हे खरंच, पण इस्ट्रोजेन म्हणजे केसांचं खत, हे समीकरण त्यावरून डळमळतं. शिवाय या वयात केस जाण्याची इतर कारणंही दबा धरून असतात. पाळी थांबण्याआधीच्या वर्षांत अनेकींना अंगावरून खूप जातं आणि शरीरातलं लोह संपतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. थायरॉइडचे बिघाडही याच वयात डोकं वर काढतात. आणि १९९४ साली सिडनीच्या स्टीव्हन कोसार्ड यांनी पाळी थांबलेल्या सहा स्त्रियांमध्ये एक वेगळाच आजार नोंदवला. त्यात कपाळावरची रेषाच मागे सरकते, अनेकदा भुवयाही जातात, आणि मुळं जळून व्रण राहत असल्याने गेलेले केस परत येत नाहीत. हे सगळं ‘पाळी गेली ना, मग असं होणारच’ या एका वाक्यात गुंडाळणं धोक्याचं आहे. (रक्ततपासणीला जाताना केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तसं सांगावं, कारण त्यांनी थायरॉइडचे काही आकडे चुकीचे येऊ शकतात.)

केस आणि हार्मोन यांची सांगड इतकी घट्ट का बसली, याचं उत्तर थोडं इतिहासातही आहे. गाभण घोड्यांच्या मूत्रापासून काढलेलं इस्ट्रोजेन अमेरिकेत १९४२ साली बाजारात आलं. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या स्त्रीरोगतज्ज्ञांनी ‘फेमिनिन फॉरएव्हर’ हे पुस्तक लिहून पाळी थांबणं हा जणू भरून काढायचा तुटवडाच ठरवला. तारुण्य टिकवण्याच्या त्या आश्वासनात केस, कातडी, उमेद सगळंच आलं. मग २००२ मध्ये पारडं एकदम उलटलं. ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रियांवरची ‘वीमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ची चाचणी मध्येच थांबवली गेली. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे ८ जास्त घटना दिसल्या होत्या. त्यातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, हा तपशील मथळ्यांत हरवला आणि उपचाराचंच नाव बदनाम झालं. नॉर्थ अमेरिकन मेनोपॉज सोसायटीची २०२२ची भूमिका अधिक नेमकी आहे. वय साठीच्या आत किंवा पाळी थांबून दहा वर्षांच्या आत असेल, अंगातून वाफा निघत असतील आणि घ्यायला अडचण ठरेल असा आजार नसेल, तर सहसा फायदा जोखमीपेक्षा मोठा असतो. शस्त्रक्रियेने चाळिशीआधीच अंडाशय काढले गेलेल्या बाईला तर हाडं आणि हृदय यांसाठी पाळी थांबण्याच्या साधारण नैसर्गिक वयापर्यंत हा उपचार देण्याचाच सल्ला आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने तो ज्या कारणांसाठी मान्य केला आहे, त्यांत केस नाहीत.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, एचआरटी सुरू केल्यावर केस खरंच सुधारले असं सांगणाऱ्या बायका आहेत, त्या काय खोटं बोलतात? अजिबात नाही. पण आजारपण, ताण किंवा लोहाच्या कमतरतेने गळलेले केस कारण दूर झाल्यावर सहा-आठ महिन्यांत आपोआपही भरून येतात, आणि त्याच मुदतीत गोळी सुरू असेल तर श्रेय गोळीला जातं. खरा परिणामही असू शकतो. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन यकृतातून जातं आणि टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन वाढवतं, त्यामुळे मोकळं टेस्टोस्टेरॉन घटतं. पॅचमधून किंवा जेलमधून दिलं तर हा परिणाम फारसा होत नाही. गंमत अशी, की रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो तोही गोळीनेच. म्हणजे केसांना मदत करण्याची थोडी शक्यता असलेला मार्गच जास्त जोखमीचा. निव्वळ केसांसाठी हा सौदा कोणता डॉक्टर करील?

उलट बाजूचा आक्षेप, एचआरटीनेच केस गेले, हाही कधी खरा असतो. गर्भाशय असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन देता येत नाही, गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग टाळण्यासाठी जोडीला प्रोजेस्टोजेन द्यावं लागतं. त्यातली नोरएथिस्टेरॉनसारखी काही औषधं थोडी पुरुषी हार्मोनसारखी वागतात. ज्या घरात आई-मावशीचे केस विरळ झाले आहेत, तिथे हे डॉक्टरांना आधीच सांगितलेलं बरं. तसा परिणाम नसलेलं मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन हा पर्याय असतो, उपचार सोडून देण्याची गरज नसते.

माथ्याच्या विरळपणावर सर्वांत भक्कम पुरावा आहे तो मिनॉक्सिडिलचा. मुळात ते रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले तेव्हा त्याचा हा गुण लक्षात आला. डोक्याला लावण्यासाठी अमेरिकेत पुरुषांना १९८८ मध्ये आणि स्त्रियांना १९९१ मध्ये त्याला मान्यता मिळाली. माका, जास्वंद, वडाच्या पारंब्या यांच्या तेलांनी केस मऊ राहतात, तुटत कमी असतील, पण आकसलेलं मूळ त्यांनी फुगतं असं कुणी दाखवलेलं नाही. मिनॉक्सिडिलचीही कटकट आहेच. पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात आणि नेमक्या तेव्हाच अनेक जणी घाबरून बाटली बाजूला ठेवतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि औषध थांबवलं की मिळवलेलं काही महिन्यांत ओसरतं. रात्री लावायचं तर निजण्याआधी पुरेसा वेळ ठेवून ते वाळू द्यावं, नाहीतर उशीवरून ते चेहऱ्याला लागतं आणि तिथे लव येते.